केवणीचा पीळ

पेठची एसटी सावळघाट ओलांडते
आणि माझ्या कानातली मशीन बंद पडते.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
कोऱ्या, करकरीत, एकही माझी नव्हे.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
हात मात्र तसेच राहिले,
रिकामे असले तरी मोजत.

झिपरीबाई भोयेंनी आधी ते हातच पाहिले.
"लई घाईचे," म्हणाल्या
आणि कोयता दिला.

केवण मला ओळखता आली नाही.
मग त्यांनी फांदीवरची वाळकी शेंग तोडून
तळहातावर ठेवली,
दोरासारखी स्वतःभोवती वळलेली,
आणि मी थेट सहाणेपाशी:
आई धाकट्याच्या गुटीत एक वेढा उगाळतेय,
एकच हं, जास्त नको.
अगं, ही तर मुरुडशेंग!
इतकी वर्षं मला वाटायचं ती डब्यातच उगवते.
तिला झाड असतं, झाडाला साल असते,
आणि सालीत एवढा वाख.

अंगठ्याएवढ्या सरळ काठ्या तोडायच्या.
बुंधा सोडायचा,
पुढच्या वर्षी त्याच्याच दारात यायचंय.
मोळी ओढ्यात, वर धोंडे,
बारा दिवस.
बारा म्हटल्यावर मी दचकले.
"मेल्याचे नाहीत गं," त्या हसल्या, "भिजायचे."

बाहेर काढली तेव्हाचा वास विचारू नका.
मी पदर नाकाला लावला,
त्यांची जाऊ सावित्रा खाली बसून हसत सुटली.
काठीवरून साल निघाली ती
ओल्या अंगावरच्या झंपरासारखी, जरा अडत, मग सगळी एकदम.
धुतली, आपटली, पुन्हा धुतली.
कुडाच्या भिंतीवर दोन दिवस
कुणाचे तरी पिकले केस वाळत होते.

मग मांडीवर वळणं.
दोन पदर, दोघांनाही एकाच बाजूला पिळायचं,
इतकं की ते वैतागतील,
आणि सोडायचं.
सोडल्यावर ते उलटे फिरतात, एकमेकांना धरतात.
झिपरीबाईंचे धरत होते.
माझे नुसते शेजारी बसत होते.
सासूबाई माझ्याबद्दल सांगायच्या साऱ्या गल्लीला,
सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.
त्या असत्या तर बघितलं असतं,
इथे सुंभ धडधाकट आणि पिळाचाच पत्ता नाही.

पाच हात दोर झाला कसाबसा.
रावजी, त्यांचे दीर, एका डोळ्याने अधू,
त्यांनी दोन टोकं धरून एक हिसका दिला.
काही बोलले नाहीत.
सगळा वाख परत माझ्या मांडीवर.

मी विचारलं, एका हाताला किती पीळ?
तिघंही माझ्याकडे बघत राहिले,
जणू मी विचारलं होतं
भाकरी किती वेळा थापायची.
"तो सांगतो ना, बास म्हणून."
मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही.
पण त्या दुपारी कधीतरी
अठ्ठ्याऐंशीच्या पुढे मोजायचं राहूनच गेलं,
आणि मांडी सोलवटल्याचं संध्याकाळी कळलं.

बाजारात नायलॉनची दोरी वीस रुपयांना मिळते, सावित्रा म्हणाली,
निळी, हिरवी, कुजत नाही.
मग सांगून टाकलं, आमच्याही बैलांना तीच आहे.
रावजी शिंक्याची गाठ दाखवत होते,
त्यांनी मान वर केली नाही.

पहिलं शिंकं दिवाळीनंतर जमलं.
एका बाजूला झुकलेलं,
तिसरी गाठ सरकणारी.
मी हिसक्याची वाट बघत बसले.
झिपरीबाईंनी ते उचललं, दह्याचं मडकं त्यात ठेवलं
आणि घरातल्या आढ्याला टांगून मोकळ्या झाल्या.
बरोबर त्याखाली पाट मांडला. माझा.

नागलीची भाकरी, उडदाचं भुजं.
मी एक घास खाई, एकदा वर बघे.
"जेव की," त्या म्हणाल्या,
"पडलं तर भाकरीवरच पडेल."